जिराफापायी धरलेला अबोला

कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममधलं कपाट उघडून बघा. फाटका नकाशा, वाकलेला कंपास, बिनझाकणाच्या शाईच्या बाटल्या, यापलीकडे काही निघणार नाही. खरा माल कपाटात नसतोच, तो माणसांच्या तोंडात असतो! मधल्या सुट्टीत चहा उकळेपर्यंत एकजण किस्सा सांगतो, दुसरा त्याला तिखटमीठ लावतो, तिसरा म्हणतो, "छे, असं नव्हतंच मुळी," आणि कपात चहा पडेपर्यंत एकाचे तीन झालेले असतात.

मी कळंबजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच प्राण्याचे आहेत. बिबट्याचे नव्हेत हो! जुन्नर-आंबेगावात बिबट्याचे किस्से पानटपरीवरसुद्धा मिळतात. आमच्याकडे जिराफाचे आहेत. हसू नका. पुणे जिल्ह्याच्या रानात जिराफ नसतो, हे मलाही ठाऊक आहे.

*

आधी माणसं सांगते. डुंबरे सर आमचे हेडमास्तर, इंग्रजीचे. अत्यंत शिस्तीचे. प्रार्थनेला उशीर झाला म्हणून एकदा त्यांनी स्वतःलाच शेरा दिला होता. लोहकरे सर विज्ञानाचे, आंबेगावच्या पश्चिमेकडचे, डोंगरातले, भातशेतीच्या घरातले. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट पटली की साक्षात ब्रह्मदेव आला तरी माणूस हलायचा नाही. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले, वारूळवाडीत शेजारी शेजारी राहिले आणि रोज एकाच स्कूटरवरून शाळेत यायचे. स्कूटर लोहकरे सरांची, कारण डुंबरे सरांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालुक्याची सामान्यज्ञान स्पर्धा आमच्या शाळेत ठेवली होती. मांडव, माइक, सरपंच, सत्काराचे नारळ, सगळा थाट! परीक्षक डुंबरे सर. शेवटच्या फेरीत आमच्या मुली आणि पाहुण्या शाळेची मुलं बरोबरीत आली. शेवटचा प्रश्न आमच्या मुलींना होता. "आवाज नसलेला प्राणी कोणता?"

तेव्हाच्या प्रत्येक गाईडात याचं उत्तर एकच, जिराफ. शेंबड्या पोरालाही पाठ! पण आमची मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सगळे जिराफ म्हणतात, पण ते चूक आहे सर. जिराफाला स्वरयंत्र असतं. तो आवाज काढतो." हे शिकवलं कुणी, ते सांगायला नकोच.

हेडमास्तरांनी स्वतःच्या शाळेला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये म्हणून डुंबरे सर आधीच ताठ बसले होते. ते म्हणाले, "चूक!" ढाल गेली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून लोहकरे सर उठले. "सर, मुलगी बरोबर आहे. जिराफ बोलतो."

डुंबरे सरांनी माइक तोंडाजवळ घेतला. "लोहकरे, जिराफ बोलत नाही. आणि आता तुम्हीही बोलू नका!"

मांडव हसून हसून लोळला. सरपंच तर डोळे पुसत होते. लोहकरे सर खाली बसले आणि त्या मिनिटापासून हेडमास्तरांशी बोलायचे बंद झाले. आम्ही समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "मी काय मनानं गप्प बसलोय? त्यांनीच सांगितलंय." डुंबरे सरही काही कमी नव्हते. "आधी ते बोलू देत, मग मी बघतो." झालं! इतक्या वर्षांची दोस्ती, आणि मध्ये येऊन उभा राहिला कोण, तर आफ्रिकेतला जिराफ!

*

आता तुम्ही म्हणाल, अबोला धरला तर स्कूटरचं काय झालं? काही नाही झालं! दोघं दुसऱ्या दिवशीही त्याच स्कूटरवरून आले. पुढे लोहकरे सर, मागे डुंबरे सर, मांडीवर डबा. वारूळवाडीपासून कळंबपर्यंत एक शब्द नाही.

बोलायचं नाही म्हटल्यावर खुणा आल्या. खांद्यावर एक टिचकी म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा, भाजी घ्यायचीय. पाठीवर पंजा म्हणजे मागून ट्रक येतोय. लोहकरे सरांनी उजवा कोपर हलवला, की पुढे खड्डा आहे, डबा धरा. आठ-पंधरा दिवसांत अशी काही भाषा बसली, की मी एकदा लोहकरे सरांना म्हणाले, "अहो, तुम्ही बोलत होतात तेव्हासुद्धा एवढं एकमेकांना सांगत नव्हतात!"

ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, जिराफांचंही असंच असतं. बरंचसं काम नजरेनं आणि मानेनंच चालतं. आवाज अगदीच गरज पडली तर."

"मग तुम्हाला गरज कधी पडणार?" मी विचारलं. त्यांनी वही उघडली आणि पेपर तपासायला घेतले.

*

शाळेत मात्र मधे माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे आमचे शिपाई, नामदेवमामा. एकाच खोलीत दोघं समोरासमोर बसलेले असायचे, आणि लोहकरे सर म्हणायचे, "मामा, हेडमास्तरांना सांगा, प्रयोगशाळेला कुलूप हवंय." डुंबरे सर स्वच्छ ऐकत असायचे. तरी मामा चार पावलं चालत जाऊन तेच सांगायचे, आणि उत्तर घेऊन चार पावलं परत!

पण मामा निरोप्या म्हणून फार बेरके. निरोप जसाच्या तसा कधी पोचवायचेच नाहीत. लोहकरे सर म्हणाले, "सांगा त्यांना, माझा तास परस्पर बदलू नका." मामा जाऊन म्हणाले, "सर, लोहकरे सर म्हनत्यात, तास तुमी कुठंबी ठेवा, पन तुमी लई वाळलाय, जरा जपा."

"मी असं म्हणालो?" लोहकरे सर ओरडले.

"मनात व्हतं की न्हाई?" मामांनी विचारलं.

डुंबरे सरांनी तोंडासमोर हजेरीपट धरला. खांदे हलत होते, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण हसले तेसुद्धा बिनआवाजाचंच.

*

लोहकरे सरांनी या विषयाचा ध्यासच घेतला. पुण्याहून कसलंसं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवलं. जिराफाचं पिल्लू वासरासारखं हंबरतं, मोठा जिराफ नाकातून फुरफुरतो, घाबरला की घोरल्यासारखा आवाज करतो, आणि मादीच्या मागे लागलेला नर चक्क मोठमोठ्यानं खोकतो, असं ते आम्हाला सांगायचे. एकदा शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून त्यांनी हे सगळे आवाज काढून पाहायचं ठरवलं. वर्गात मुलांना दाखवायचे होते ना!

बाहेर नामदेवमामा झाडत होते. आतून आधी घोरण्याचा, मग फुरफुरण्याचा, मग "खॉक्क! खॉक्क!" असा आवाज. मामांनी झाडू टाकला आणि धावत ऑफिस गाठलं. "सर, लोहकरे सरास्नी दम्यानं धरलंय! लई जोरात!"

डुंबरे सर ताडकन उठले, दारापर्यंत गेले आणि तिथे थबकले. अबोला आडवा आला. परत खुर्चीत बसले, पण बसवेना. शेवटी मामांना घरी पिटाळलं. तासा-दीड तासात मामा सायकलवरून अडुळशाचा काढा, ज्येष्ठमध आणि वहिनींचा लोकरी मफलर घेऊन हजर! डुंबरे सरांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो.

लोहकरे सर काढ्याकडे बघतच राहिले. "मामा, मला काही झालेलं नाही. मी जिराफ होतो."

"ते आता सांगू नगा," मामा म्हणाले, "आधी पिऊन टाका. त्ये दारामागं हुबं हायती." लोहकरे सरांनी काढा एका घोटात संपवला. कडूजहर होता, तरी तोंड वाकडं केलं नाही. दारामागून बुटांचा आवाज ऑफिसकडे गेला.

*

माझ्या तासालाही जिराफ शिरलाच. आमच्या व्याकरणात प्राण्यांच्या आवाजांची नावं असतात. घोड्याचं खिंकाळणं, हत्तीचा चीत्कार, म्हशीचं रेकणं. मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जिराफाचं काय?"

प्रश्न मला होता, पण उत्तराला दोन बाजूंनी कान होते! एका बाजूच्या खोलीत लोहकरे सर, दुसऱ्या बाजूच्या व्हरांड्यात फेरी मारणारे हेडमास्तर. नोकरी करायची म्हणजे काय काय करावं लागतं! मी म्हटलं, "ती जागा मोकळी सोडा. ज्याला जे ऐकू येईल, ते त्यानं लिहावं."

पालकही सोडायचे नाहीत. एक आजोबा नातवाचा दाखला न्यायला आले होते. स्टाफरूममधला वाद त्यांनी उभ्या उभ्या ऐकला आणि विचारलं, "ते जिराप म्हंजी नक्की कसं असतं?"

"उंटासारखं. पण मान लई लांब," मी सांगितलं.

"पोरंबाळं व्हत्यात त्याला?"

"होतात की."

"मंग बोलत आसंलच की राव! पोरास्नी हाक मारल्याबिगार कुणाचा संसार झालाय का?"

लोहकरे सरांनी त्या आजोबांना स्वतःचा चहा दिला.

*

आता बिबट्या. जिराफाच्या गोष्टीत तो कसा आला, ते सांगते. वर्षाअखेरीस गॅदरिंग होतं, दिवस मावळायला घरी निघाले दोघं. दोन्ही बाजूंना ऊस. वळणावर रस्त्याच्या मधोमध बिबट्या बसलेला! निवांत, शेपटी हलवत.

लोहकरे सरांनी ब्रेक मारला. दोघांनाही दिसला. दोघांनाही ओरडायचं होतं. पण ओरडायचं म्हणजे आधी कोण बोललं, हे ठरणार! डुंबरे सरांनी खांद्यावर टिचक्या मारायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा! बिबट्यासाठी टिचकी ठरलेलीच नव्हती ना! शेवटी लोहकरे सरांनी हॉर्नवर जो अंगठा ठेवला, तो काढलाच नाही. बिबट्यानं त्या दोघांकडे एकदा वैतागून पाहिलं आणि उसात निघून गेला.

पुढचं मला लोहकरे सरांनीच सांगितलं. किकवर किक मारली, तरी स्कूटर सुरूच होईना. एवढ्यात मागून एक हात खांद्यावरून पुढे आला. हातात लिमलेटची गोळी. त्यांनी घेतली. मागे डुंबरे सरांनीही एक तोंडात टाकल्याचा आवाज आला. गोळी विरघळेपर्यंत दोघं तसेच रस्त्यात बसून राहिले आणि मग घरी गेले.

"आणि तरी बोलला नाहीत?" मी कपाळावर हात मारला.

"विषयच निघाला नाही," लोहकरे सर म्हणाले.

*

गंमत होती, पण गमतीलाही किती दिवस हसणार? दीड-दोन वर्षं झाली आणि डुंबरे सरांची निवृत्ती आली. आमच्याकडे निरोपसमारंभात मुख्य भाषण जवळच्या सहकाऱ्यानं करायचं, अशी रीत. म्हणजे लोहकरे सरांनी. मी विचारलं, तर म्हणाले, "मांडव तोच, माइक तोच. तिथे मला गप्प बसवलंय. मी नाही बोलणार."

मला मनापासून वाईट वाटलं. डुंबरे सर वरून कडक दिसायचे, पण त्या दिवसांत मधल्या सुट्टीत नुसतेच खिडकीशी उभे राहायचे. वहिनी ओझरला विघ्नहराला जाऊन आल्या आणि माझ्याकडे प्रसाद देताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "बाई, ह्यांना शाल नको, हार नको. लोहकऱ्यांनी दोन शब्द बोलावेत, एवढंच हवंय ह्यांना. रोज रात्री जेवताना विषय काढतात आणि माझ्यावरच चिडतात."

"मग सर स्वतः का बोलत नाहीत?"

"चूक झाली असं म्हणावं लागेल ना! आणि चूक झालीय हे कुठं ठरलंय अजून?"

तेही खरंच होतं. तेव्हा मी ठरवलं, आता जिराफालाच विचारायचं. समारंभ जूनमध्ये होता आणि मे महिन्यात स्टाफची सहल असायचीच. यंदा कोकण की अजिंठा, अशी चर्चा चालली होती. मी म्हटलं, "म्हैसूर!" राजवाडा आहे, बागा आहेत, चंदन आहे, अशी बरीच कारणं मी दिली. प्राणिसंग्रहालयात जिराफ आहे, हे सगळ्यात शेवटी हळूच सांगितलं. लोहकरे सरांनी त्याच दिवशी भाच्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला.

*

म्हैसूरला पोचलो. बसमध्ये दोघं एकाच सीटवर, कारण दोघांनाही दुसऱ्या कुणाशेजारी बसायची सवयच राहिली नव्हती! प्राणिसंग्रहालय उघडल्या उघडल्या लोहकरे सर थेट जिराफापाशी गेले आणि टेपरेकॉर्डर छातीशी धरून कठड्याला चिकटून उभे राहिले.

आम्ही हत्ती पाहिला, वाघ पाहिला, माकडांना हसलो. परत आलो तर सर तिथेच. जिराफही तिथेच. उंच टांगलेल्या पाल्यातला एकेक घास काढून खात होता आणि मधूनमधून आमच्याकडे बघत होता. पापण्या काय सुंदर! पण तोंडातून चकार शब्द नाही.

"काही बोलला का?" जाणारा-येणारा विचारायचा. "अजून नाही," लोहकरे सर सांगायचे. दुपार झाली. आम्ही बाकावर बसून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सरांनी एक चपाती गुंडाळून उभ्या उभ्या खाल्ली. डुंबरे सर जरा लांबच्या बाकावर पेपर उघडून बसले होते. पेपर दोन दिवसांपूर्वीचा होता आणि पान काही उलटत नव्हतं.

उन्हं कलली. नामदेवमामा येऊन म्हणाले, "डायवर बोलवतोय. फाटक बंद व्हायचं झालं." लोहकरे सरांनी टेपरेकॉर्डर बंद केला. एवढा हिरमुसलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते मागच्या बाजूच्या संडासाकडे गेले. सकाळपासून जागा सोडली नव्हती बिचाऱ्यानं. मामा सगळ्यांना घेऊन फाटकाकडे गेले. मी पिशव्या गोळा करत राहिले.

डुंबरे सरांनी पेपरची घडी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कठड्याशी आले. जिथे दिवसभर लोहकरे सर उभे होते, बरोबर तिथे. टोपी काढली, हातात धरली आणि वर जिराफाकडे बघत राहिले.

जिराफानं खाणं थांबवलं. चार पावलं पुढे आला. एवढी उंच मान खाली खाली आली आणि सरांच्या चेहऱ्यासमोर, दोन हातांवर येऊन थांबली. दोघं एकमेकांकडे बघतायत! आणि मग, "फुर्रर्रर्र!" आणि त्याच्यामागून छातीतून निघालेला, घोगरा, लांबलचक "हॉंऽऽक्!" अहो, माझ्या हातातली पिशवी खाली पडली! सरांच्या चष्म्यावर, मिशीवर, शर्टावर, सगळीकडे चघळलेला पाला.

जिराफ वळला आणि परत पाल्याकडे गेला. आसपास आम्ही दोघंच. टेपरेकॉर्डर बंद. सरांनी चष्मा न पुसता माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच काही बोलले नाही. मी ऐकलं होतं, पण हे सांगायचं काम माझं नव्हतं. सरांनी मनात आणलं असतं, तर रुमालानं तोंड पुसून निमूट बसमध्ये जाऊन बसता आलं असतं, आणि जिराफ मुकाच राहिला असता.

सर पळाले! अठ्ठावन्न वर्षांचा, शिस्तीचा माणूस, एका हातात टोपी, तोंडावर पाला, आणि धावतोय! मी त्यांच्या मागे. संडासाच्या दारावर त्यांनी दोन्ही हातांनी थापा मारायला सुरुवात केली.

"लोहकरे! अहो लोहकरे! बोलला हो! जिराफ बोलला! माझ्या तोंडावर बोलला! तुमचं बरोबर होतं, त्या पोरीचं बरोबर होतं, मी चुकलो! लोहकरे, ऐकताय ना?"

आत नळाचं पाणी वाहत होतं, ते बंद झालं. डुंबरे सरांनी दाराला कान लावला. मग आतून, दीड-दोन वर्षांनी, लोहकरे सरांचा आवाज आला.

"काय म्हणाला?"

डुंबरे सरांनी डोळे पुसले. पाला होता की काय, देव जाणे.

"तुमचीच चौकशी करत होता!"